दुसरा गिअर

मोठी गाडी आहे, गिअर पडताना आवाज येणारच, असं मला ज्याने त्याने सांगितलं. ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

माझी गाडी हजार सीसीची, चार सिलिंडरची जपानी स्पोर्ट टूरर. टाकी भरली की सव्वादोनशे किलोच्या वर. चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणी ओलांडून माणगावला उतरायचं, हा आमचा ठरलेला रस्ता. माझं सासर कोकणात, त्यामुळे मागच्या सीटवर बहुतेक वेळा बायको असते. अडचण यायची ती उतारावर. वळण जवळ आलं, तिसऱ्यावरून दुसरा टाकला की कधीकधी तिसरा सुटायचा आणि दुसरा पडायचाच नाही. मधल्या त्या खोट्या न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला अजिबात धरून ठेवत नाही. समोर वळण, खाली ओला रस्ता, मागे दोन पिशव्या मांडीवर घेतलेली बायको. दोनदा असं झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी मी एसटीनं येते. तुम्ही या मागून." त्यानंतर गाडी विकायचा विचार मी खरंच करू लागलो होतो.

एका सर्व्हिस सेंटरनं गिअरबॉक्स उघडायचा सल्ला दिला. खर्चाचा आकडा ऐकून मी नाना पेठेत गेलो.

तिथल्या उस्तादांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पायानं नव्हे तर हातानं शिफ्टर वर-खाली केला आणि म्हणाले, "डब्बा ठीक आहे. बाहेरचं ढिलं आहे."

आता हे "बाहेरचं" म्हणजे काय? मोटारसायकलच्या डब्यातले गिअर एकमेकांत कायम गुंतलेलेच असतात. आपण बदलतो ते त्यांच्या कुशीतले जाड दात कुठे अडकायचे एवढंच. दात खाचेत पूर्ण बसले तर गिअर पडला, काठावर आपटून मागे आले तर खोटं न्यूट्रल. म्हणजे पायाचा धक्का आत पूर्ण पोचायला हवा. माझ्या गाडीत शिफ्टरचा बुश झिजलेला, सांध्यांमध्ये चिखल आणि ग्रीसचा पत्ता नाही. पायाची निम्मी हालचाल त्या ढिलेपणातच संपत होती.

बुश बदलला, सांधे धुऊन ग्रीस भरलं. मग रॉड. या रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे दोन्ही लॉकनट सैल करून रॉड नुसता फिरवला की शिफ्टर वर-खाली होतो. पण उस्ताद तिथं थांबले नाहीत. गिअरच्या शाफ्टवरचा छोटा दांडा आणि रॉड यांच्यात काटकोन हवा, तरच पाय दाबल्याचा पूर्ण जोर शाफ्टला मिळतो. तो कोन बिघडला होता, म्हणून दांडा काढून एक दात सरकवून पुन्हा बसवला. कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि त्याला पाच मिनिटं लागली.

क्लच केबल फार सैल होती. लिव्हरच्या बुडाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवली. क्लच पूर्ण सुटत नसेल तर डब्यातले दात ताणाखालीच राहतात, मग कितीही लाथा मारा. चेन मॅन्युअलप्रमाणे ताणली. तेल नवं भरलं, जेएएसओ एमए२ दर्जाचं. कारचं तेल ओल्या क्लचच्या गाडीत घालणारे लोक मी पाहिलेत, त्यांना हात जोडतो.

अब्बांच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला होता, एक वर आणि तीन खाली, शिवाय टाचेनं न्यूट्रल शोधायची वेगळी पट्टी. ती गाडी चालवून चालवून त्यांना एक सवय लागली होती: क्लच दाबण्याआधीच पायाचा हलका दाब गिअरवर ठेवायचा. लहानपणी मला तो नखरा वाटायचा. आता मीही तेच करतो. उतरताना क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला छोटा झटका देतो, दुसरा लोण्यासारखा पडतो.

मुळशीच्या तलावाकाठचा रस्ता आता पुन्हा बघत जाता येतो. याच धरणाविरुद्ध १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, बापट सेनापती झाले ते इथेच. काठावर गाड्या लावून फोटो काढणाऱ्या आमच्या जमातीत हा विषय निघत नाही, ही माझी जुनी तक्रार.

सकाळी थंड इंजिनवर पहिला गिअर अजून खट्टकन पडतो. तो पडू दे. थंड, घट्ट तेलात क्लचच्या प्लेटा चिकटून राहतात, गाडी मोठी असल्याचा तेवढा कर भरायचाच. जूनमध्ये पावसाळी बूट निघाले की शिफ्टर पुन्हा थोडा वर घ्यावा लागेल, त्या बुटांचा चवडा जाड आहे. दहा नंबरचा पाना सीटखाली ठेवलाय. बायकोनं एसटीचं अजून परत काढलेलं नाही, पण ईदला कसं जायचं हेही ठरलेलं नाही.