सत्तावीस आले, सत्तावीस गेले!

दोस्तांनो, धावफलक वाचायची मला भारी हौस. पण सर्वांत जास्त वेळा वाचलाय तो क्रिकेटचा नव्हे, बेसबॉलचा!

८ ऑक्टोबर १९५६. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, ६४,५१९ प्रेक्षक. यांकीज विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स, वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात आणि दर डावात तीन गडी बाद करायचे, म्हणजे एकूण २७. यांकीजच्या डॉन लार्सनसमोर २७ फलंदाज आले आणि २७ च्या २७ बाद! पहिल्या बेसवरसुद्धा कुणी पोचलं नाही. चेंडू लागले फक्त ९७. आणि हाच लार्सन तीन दिवस आधी दोन डावही पुरे टिकला नव्हता बरं का! १९५४ साली तर तो ३ सामने जिंकला होता नि २१ हरला होता.

मला मात्र वाईट वाटतं सॅल मॅग्लीचं. डॉजर्सच्या या गोलंदाजानंही झकास चेंडू टाकले. पाच हिट आणि दोनच धावा दिल्या, त्यातली एक मिकी मँटलच्या होमरनची. तरी सामना हरला, २-०. त्याचं नाव कोण घेतं?

शेवटचा फलंदाज डेल मिचेल. अख्ख्या कारकिर्दीत हा पठ्ठ्या ११९ वेळाच स्ट्राइकआउट झाला. चेंडू आला, त्यानं बॅट अर्ध्यात आवरली. पंच बेब पिनेली यांनी हात वर केला, स्ट्राइक! चेंडू बाहेरून गेला होता, असं मिचेल पुढेही सांगत राहिला. धावफलकात मात्र डॉजर्सपुढे एवढंच आहे: धावा ०, हिट ०, चुका ०.