कान नसलेला मेंढा

मी व्यवसायाने हिशेबनीस. गेली तीस वर्षे इंग्लंडातल्या लेस्टर शहरात दुसऱ्यांच्या जमाखर्चाचे ताळेबंद जुळवून पोट भरतो आहे. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जो आकड्यांचा घोटाळा यायचा आहे, तो कुणा अडाण्याच्या हातून झालेला नाही हे वाचकांना ठाऊक असलेले बरे.

मला मोटारींचे वेड बालपणापासून होते, असे म्हणायचीही सोय नाही. कोल्हापुरात आमच्या घरचे वाहन म्हणजे वडिलांची सायकल. इकडे आल्यावर ज्या मोटारी घेतल्या, त्या मागच्या डिकीत तांदळाची किती पोती मावतात एवढ्या एकाच कसोटीवर. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी दर रविवारी सकाळी एक गृहस्थ एका विचित्र मोटारीतून जात. एक लांबट पत्र्याचे खोके, चार उघडी चाके, पुढे बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन दिवे. दार नाही, छप्पर नाही. इतर माणसे मोटारीत बसतात. या गृहस्थांनी ती अंगात घातल्यासारखी दिसे. आठ-दहा वर्षे मी खिडकीतून ते पाहत होतो. वेड लागायला तेवढे पुरते.

या मोटारींना किट-कार म्हणतात. कंपनी मोटार देत नाही, मोटारीचे सामान देते. काड्या, कागद आणि खळ आणून आपण आकाशकंदील घरी करतो, तसाच प्रकार. याचे मूळ करात आहे, आणि म्हणून माझ्यासारख्याला त्याचे विशेष कौतुक. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची मोटार काढली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी-कर असे, सुट्या भागांवर तो नसे. तेव्हा मोटार सुटीच विकायची! मात्र जोडणीच्या सूचना सोबत देता येत नसत. चॅपमनसाहेबांनी मग मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या उलट्या क्रमाने वाचल्या, अशी गोष्ट इकडे सांगतात. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम नावाच्या कंपनीला दिले. तिथे ती मोटार आजही बनते. शिवाय तिच्या नकला करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या मधल्या काळात किती तरी झाल्या. मी घेतली ती अशीच एक नक्कल. आत इंजिन, गिअरबॉक्स सगळे जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे. तिच्या नंबराची सुरुवात ‘क्यू’ने होते. ज्या गाडीचे वय किंवा कूळ नक्की सांगता येत नाही, तिला १९८३ पासून हे अक्षर देतात. थोडक्यात, पत्रिका नसलेले स्थळ.

हे स्थळ होते स्कॉटलंडच्या उत्तर भागात, इन्व्हर्नेसजवळ. आमच्या घरापासून साडेचारशे मैलांहून जास्त. “केवढ्याला?” सौ.ने पोळी उलटता उलटता विचारले. ठरले होते तेरा हजार पौंड. मी तेरा म्हणण्यासाठीच तोंड उघडले, पण तव्याकडे नजर गेली आणि बाहेर पडले ते नऊ. तिने पोळी उतरवली आणि “बरं” म्हणाली. झाले! वरचे चार हजार मी पेन्शनच्या पुंजीतून परस्पर काढले आणि रात्री गाढ झोपलो, हे लिहिताना आज लाज वाटते.

“मीही येते,” ती म्हणाली. “एकटे गेलात तर कुठं तरी भिजत बसाल.”

२०२३ सालच्या सप्टेंबरात आम्ही निघालो. उत्तरेला जायचे म्हणून आधी दक्षिणेला लंडनला गेलो, आणि यूस्टन स्टेशनवरून रात्रीची झोपायची गाडी पकडून सकाळी इन्व्हर्नेसला उतरलो. विकणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. चार हिवाळे खपून त्यांनी ही मोटार आपल्या गॅरेजात उभी केली होती. आता कमरेचा सांधा वाकेना. आत बसता येई, बाहेर येता येत नसे. त्यांनी किल्ल्या दिल्या, पावत्यांची जाडजूड फाइल दिली आणि एक वही दिली. वहीत पहिल्या स्क्रूपासून सगळी नोंद, पेन्सिलीने, बारीक अक्षरात. “आवाज बदलला तर थांबा,” एवढेच म्हणाले. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा मी आरशात पाहिले. ते हात हलवीत उभे नव्हते. रिकाम्या गॅरेजचे दार ओढून ते आत चालले होते.

मोटारीचे वजन आपल्या जुन्या ॲम्बॅसडरच्या सुमारे निम्मे. बसल्यावर पाय समोर लांब पसरतात, आणि बाजूने हात खाली सोडला तर तो डांबराला लागेल. शेजारून लॉरी गेली की तिच्या चाकाचे नट मोजता येतात. एक्झॉस्टची नळी डाव्या अंगाने बाहेरून जाते, आणि मोटारीतून उतरताना पोटरी तिला लागली की जन्माची खूण राहते, ही सूचना सौ.ला दोनदा देऊन झाली होती. ‘ए नाईन’ रस्त्यावर २०१४ पासून सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बसवलेले आहेत. आम्हांला त्यांचे भय नव्हते. या मोटारीत साठ मैलांचा वेग देवाचे नाव घ्यायला पुरेसा असतो. आणि तरीही सांगतो, ॲव्हिमोरच्या पुढे दोन्ही बाजूंनी जांभळ्या हेदरने रंगलेले डोंगर आले, इंजिनाचा सूर लागला, आणि मी मोठ्याने हसत होतो. सौ.ही हसत होती. निदान दात दिसत होते. थंडीनेही दिसतात.

ड्रमॉक्टरची खिंड जेमतेम ४६० मीटर उंच. आपल्या महाबळेश्वराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. पण तिथे पाऊस आडवा पडतो. रस्त्याकडेच्या थांब्यावर गाडी उभी करून आम्ही टप चढवू लागलो. टप म्हणजे दोन कमानी, एक ताडपत्री आणि टिचबटणे. शेवटचे बटण लावायला ताडपत्री ताणली की पहिले सुटे. आधी टप लावून मग आत शिरायचे की आधी आत बसून मग लावायचा, हा प्रश्न वहीतही सुटलेला नव्हता. या गडबडीत कागद भिजू नयेत म्हणून सौ.ने फाइल आणि वही कोटाखाली घेतली, आणि आत बसल्यावर मांडीवर ठेवली. पुढचे सारे त्यातून झाले.

तिला छापील असो की लिहिलेले, समोर आलेले पहिल्या पानापासून वाचायची सवय आहे. भेळेचा कागदसुद्धा ती सरळ करून वाचते. मी रस्त्यावर डोळे लावून होतो. या मोटारीत बोललेले एरवीही ऐकू येत नाही, त्यामुळे अबोला सुरू झाला आहे हे कळायला फार वेळ लागतो. मला ते पर्थला कळले. पेट्रोलचे पैसे देऊन परत आलो तो माझ्या बैठकीवर एक कागद होता आणि उडू नये म्हणून त्यावर पाना ठेवलेला. विक्रीची पावती. तेरा हजार, अक्षरी आणि अंकी, खाली माझी सही.

सौ. समोर पाहत होती. मी पावती खिशात घातली, पाना जागेवर ठेवला आणि गाडी सुरू केली.

पर्थपासून मॉफॅट शंभर मैलांच्या वर आहे. स्टर्लिंगचा किल्ला आला, गेला. ग्लासगोच्या बाजूची गर्दी आली, गेली. मी दोनदा “थंडी वाजते का?” असे ओरडून विचारले. ती वही वाचत होती. एकेक पान शांतपणे उलटत होती.

मॉफॅट हे मोटाररस्त्यापासून मैल-दोन मैलांवरचे लहानसे गाव. पूर्वी लोकरीच्या व्यापारासाठी नावाजलेले. रुंद मुख्य रस्त्याच्या मध्यावर एक कारंजे आहे आणि त्याच्या माथ्यावर ब्राँझचा मेंढा उभा आहे. १८७५ सालचा. शिल्पकार विल्यम ब्रोडी. मेंढा उमदा आहे, शिंगे झकास आहेत, पण कान नाहीत. मूर्तिकार विसरला की काय, पण ते कायमचेच राहून गेले. आम्ही समोरच्या दुकानात न बोलता चहा घेतला. सौ. खिडकीतून बराच वेळ त्या मेंढ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत होती.

परत येऊन मी इंजिन सुरू केले, क्लच दाबला. ‘टण्’ असा आवाज झाला. पेडल खाली गेले ते वर आलेच नाही. केबल तुटली होती. संध्याकाळचे साडेचार वाजलेले, आभाळ भरलेले, आणि घर अजून सव्वादोनशे मैलांहून जास्त दूर. मदतीची गाडी मागवण्यासाठी मी फोन काढला.

“पान एकेचाळीस,” सौ. म्हणाली.

पर्थनंतरचे तिचे ते पहिले शब्द. तिने वही उघडली आणि वाचून दाखवले. १९९४ साली त्या मास्तरांची केबल अशीच एका माळावर तुटली होती आणि रात्र गाडीत काढावी लागली होती. तेव्हापासून त्यांनी एक जादा केबल जुनीच्या शेजारून कायमची टाकून ठेवली होती, दोन्ही टोके काळ्या चिकटपट्टीने बांधून. आता फक्त जुनी सोडवायची आणि नवी अडकवायची. नोंदीच्या शेवटी लिहिले होते : ‘पत्नी तीन दिवस बोलली नाही.’ हे वाक्य तिने दोनदा वाचले.

एव्हाना तीन म्हातारे जमले होते. बिघडलेल्या गाडीभोवती माणसे गोळा होतात ती काही फक्त कोल्हापुरातच नव्हे. एकाजवळ तरुणपणी अशीच मोटार होती, दुसऱ्याच्या भावाजवळ होती, तिसऱ्याने ती विकत घेता घेता लग्न केले होते. त्यांनी ढकलून डावी चाके फूटपाथवर चढवली, एकाने दुकानातून पुठ्ठा आणला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीच्या खाली शिरलो. दिसत होते ते फक्त सौ.चे बूट. ती वाचत होती, मी चाचपडत होतो. पट्टी सापडली. मग वाचन थांबले आणि वरून मराठी सुरू झाले.

“नऊ सांगितलेत तेव्हा मी नाही म्हटलं होतं?”

“नाही.”

“मग तेरा म्हटल्यावर मी काय म्हणेन, ते तुम्हीच ठरवून टाकलंत.”

“हो.”

“बत्तीस वर्षांत आणखी काय काय ठरवून टाकलंय माझ्या वतीनं?”

तेलाचा एक थेंब माझ्या भुवईवर पडला. २००४ साली पुण्याच्या एका शाळेने तिला नोकरीसाठी विचारले होते. फोन मी घेतला होता, आणि ‘तिला आता तिकडे करमायचं नाही’ असे मीच सांगून टाकले होते. तिला ते नंतर, जेवताना, सहज सांगितल्यासारखे सांगितले. ती भात वाढत होती. तेव्हाही ती “बरं” म्हणाली होती.

“पुण्याची नोकरी,” मी खालून म्हणालो.

बूट हलले नाहीत. रस्त्यावरून एक बस गेली.

“म्हणजे आठवतंय,” ती म्हणाली.

बाई काय म्हणताहेत, असे एका म्हाताऱ्याने विचारले. “नट आणखी घट्ट करायला सांगते आहे,” तिने इंग्रजीत उत्तर दिले, आणि पुढची ओळ वाचली.

पाऊण तासाने पेडल वर आले. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. सौ.ने पर्समधून रुमाल काढला, थोडा विचार केला, आणि तो परत ठेवून मला पुठ्ठा दिला. ग्रेटना गावावरून गेलो तेव्हा अंधार पडत होता. इंग्लंडात १७५४ पासून लग्नाचे कायदे कडक झाले, तेव्हा पळून आलेली तरुण जोडपी सीमा ओलांडून या गावात लोहाराच्या ऐरणीसमोर लग्ने लावून घेत. ही ऐतिहासिक माहिती मी तिला ओरडून सांगितली. तिने कानाला हात लावून ऐकू येत नाही अशी खूण केली.

पेनरिथला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी ऊन होते, शॅपचा चढ मोटारीने गात चढला, आणि पुढचा मोटाररस्ता सांगण्यासारखा नव्हता. वाटेत सौ. मास्तरांच्या पत्नीबद्दल दोनदा बोलली. त्या आता आहेत की नाहीत, हे आपण विचारलेच नाही असे म्हणाली. मलाही ते सुचले नव्हते. घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. उतरताना एक्झॉस्टच्या नळीला पोटरी लागली ती माझी. तिला हात द्यायला म्हणून मी त्या बाजूला गेलो होतो.

रात्री जेवणे झाल्यावर तिने वही टेबलावर घेतली, मास्तरांच्या शेवटच्या नोंदीखाली पट्टीने रेघ मारली आणि मराठीत लिहू लागली. तारीख. मॉफॅट येथे क्लच-केबल बदलली. मग तिने मान वर न करता विचारले,

“खरेदी किंमत?”

“तेरा हजार.”

तिने लिहिले. “आगगाडी, पेट्रोल, मुक्काम मी घालते. विमा?”

मी पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“चारशे दहा.”

“तो तुम्ही दोनशे सांगितला होतात,” ती म्हणाली, आणि रबर शोधू लागली.