थांबेल की चालतच राहील?

मुलांनो, माझी भाची अमरावतीला संगणकाचं इंजिनिअरिंग शिकते. दिवाळीत शेलूबाजारला आमच्याकडे आली ती तोंड पाडूनच. 'थिअरी ऑफ कम्प्युटेशन' या विषयात तिला बॅक लागला होता. म्हणाली, "मावशी, यात संगणक कुठेच नाही गं. नुसते गोल, बाण आणि सिद्धता! सोडूनच देते." वडिलांनी सोयाबीन विकून फी भरलेली. घरात कुणी काही बोलेना.

मी आपली डी.एड. झालेली, चौथीची बाई. पण तिची वही चाळली आणि त्यातला एक प्रश्न मला फारच आवडला. करायला घेतलेलं गणित कधी संपेल की नाही, हे आधीच सांगता येईल का?

तुम्हीही करून पाहा बरं! ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजा करा, ३०८७. पुन्हा तसंच, ८३५२. पुन्हा, ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४च! चारही अंक सारखे नसले, की कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथे येते. हे शोधलं देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी. (शाळामास्तर हो! मला उगाचच अभिमान वाटतो.)

आता दुसरा खेळ. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. ६, ३, १०, ५, १६, ८, ४, २, १. प्रत्येक संख्या अशी १ वर येतेच का? आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

मग कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही, हे अचूक सांगणारा एखादा प्रोग्रॅम? तसा असूच शकत नाही, हे इंग्लंडच्या अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ साली दाखवलं, आजच्यासारखे संगणक नव्हते तेव्हा! भाचीने ते मला असं समजावलं: "समज, आहे असा ज्योतिषी. मी एक खट्याळ प्रोग्रॅम लिहीन. तो त्यालाच स्वतःचं भविष्य विचारेल. 'थांबशील' म्हटलं की चालतच राहील, 'चालत राहशील' म्हटलं की लगेच थांबेल. पडला ना ज्योतिषी खोटा?" सांगता सांगता तीच थबकली. "अगं मावशी, हेच तर पेपरात होतं!"

तिने पुन्हा फॉर्म भरलाय. माझ्या वर्गातली पोरं मात्र दुसऱ्या खेळात २७ घेऊन बसलीत. तुम्हीही बसा, पण वहीची दोन पानं मोकळी ठेवा. १११ पायऱ्या आहेत. मध्येच ९२३२ आले तर घाबरू नका, वाट बरोबर आहे.