हातखंब्याचा स्वयंपाक

मागील घटकात तुम्ही अर्थविस्तार आणि अर्थसंकोच या संज्ञा अभ्यासल्या. त्यांची नेहमीची उदाहरणे तुम्हाला कोणत्याही पुस्तकात सापडतील. ‘स्वयंपाक’ हा शब्द मात्र मला पुस्तकापेक्षा रस्त्यावर अधिक उमगला, म्हणून तुम्हाला हातखंब्याच्या तिठ्यावर नेतो.

रत्नागिरीहून येणारा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला (पूर्वीचा 17 क्रमांकाचा, आताचा 66) जेथे मिळतो, ते हे ठिकाण. रत्नागिरी शहरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर. दिवस कलला की येथे मालवाहू ट्रक कडेला उभे राहू लागतात. उन्हाळ्यात हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजाराकडे निघालेल्या असतात. एरवी सिमेंट, लोखंड, खत. मिरकरवाड्याहून मासळी घेऊन निघालेल्या गाड्या बहुधा थांबत नाहीत, कारण बर्फ कोणासाठी थांबत नाही. उरलेल्यांपैकी कितीतरी गाड्यांच्या आडोशाने थोड्याच वेळात कुकरची शिट्टी ऐकू येते.

हौद्याखाली, चाकांच्या मधल्या जागेत एक लोखंडी पेटी असते. तिच्यात स्टोव्ह किंवा पाच किलोची गॅसची टाकी, कुकर, तवा, परात, तिखटमिठाचे डबे. पेटीचे झाकण एका बाजूने वारा अडवते, दुसऱ्या बाजूने चाक. डाळ, तांदूळ, बटाटा हे सारे एकाच कुकरात जाते. दक्षिणेकडचे चालक भाताशिवाय जेवत नाहीत. मराठवाड्यातला चालक पिठले घालतो, कारण बेसन, कांदा, मिरची आणि पाणी एवढ्यावर ते भागते. भाकरी क्वचित. तिला सपाट जागाही हवी आणि सवडही.

समोर धाबे असताना हा खटाटोप कशासाठी? बहुतेक चालकांना फेरीमागे खर्चासाठी ठरावीक रक्कम मिळते. त्यातून दोघांचे जेवण, चहा आणि वाटेतले किरकोळ खर्च भागवून जे उरेल ते घरी जाते. दोन वेळा धाब्यावर जेवले, तर उरण्यासारखे फारसे राहत नाही. दुसरे कारण मला एका चालकाने सांगितले: तेलकट जेवणानंतर कशेडी घाटात डोळे मिटतात. मोटार परिवहन कामगारांसाठी 1961 साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जेथे शंभर वा अधिक कामगारांची ये-जा असेल तेथे उपाहारगृह, अशा तरतुदी केल्या. पण तो लागू झाला पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना. एकदोन गाड्यांच्या मालकाकडे नोकरी करणारा चालक त्याच्या बाहेरच राहिला. त्याचे उपाहारगृह म्हणजे ती पेटी.

पावसाळ्यात हाल विचारू नयेत. कोकणातला पाऊस आडवा येतो. कोरडे छप्पर दिसते ते पेट्रोल पंपाचे, आणि नेमकी तेथेच काडी ओढायला बंदी. मग काही जण काचा लावून केबिनमध्येच स्टोव्ह पेटवतात. ते किती घातक आहे हे त्यांनाही ठाऊक असते. बंद जागेत धूर कोंडतो, आणि कोंडलेला वायू माणसाला झोपेतच नेऊ शकतो.

आता शब्दाकडे वळू. ‘स्वयम्’ म्हणजे स्वतः, ‘पाक’ म्हणजे शिजवणे. दुसऱ्याच्या हातचे न खाता स्वतः रांधून खाणे हा या शब्दाचा मूळ आशय, आणि त्यामागे सोवळ्याओवळ्याचा विचार उघड आहे. पुढे ‘स्वयं’ झिजले. घरातील एका बाईने सर्वांसाठी रांधणे, हाच स्वयंपाक झाला. पैसे घेऊन रांधणारा पुरुष आचारी किंवा स्वयंपाकी. स्वतःपुरते शिजवून खाणाऱ्या पुरुषाला मात्र मराठीत रुळलेले नाव नाही. एका चालकाला मी विचारले, “रोज स्वयंपाक तुम्हीच करता का?” तो काहीसा दुखावून म्हणाला, “स्वयंपाक बायका करतात साहेब, आम्ही जेवण बनवतो.” ज्याच्या बाबतीत शब्दाचे अक्षर न् अक्षर खरे आहे, त्यालाच तो शब्द नको होता!

आणखी एक गंमत पाहा. ‘क्लीनर’ या इंग्रजी शब्दाचा आरंभीचा ‘क्ल’ आपल्या जिभेला जड, म्हणून ‘ल’ गळाला, ‘न’चे द्वित्त झाले आणि ‘किन्नर’ तयार झाला. पुराणातल्या गाणाऱ्या किन्नरांशी त्याचा संबंध नाही. फार तर केबिनमधल्या गाण्यांपुरता. हा किन्नर आणि चालक पुष्कळदा वेगळ्या जातींचे, कधी वेगळ्या धर्मांचे असतात. कुकर मात्र एकच, आणि भांडी कमी असल्यामुळे कित्येकदा ताटही एकच. माणसांना पंगतीतून वेगळे काढण्यासाठी घडलेल्या शब्दाचे हे असे झाले आहे.

तुमच्यापैकी काही जण स्वतः गाडी चालवणारे असतील. गाडीवर शिजवण्याला तुम्ही कोणती क्रियापदे वापरता, ‘शिधा’ आणि ‘शिदोरी’ यांत फरक करता का, हे स्वाध्यायाच्या वहीत लिहा. ऐकले तसेच लिहा, शुद्ध करू नका. मी टिपलेला एक संवाद नमुन्यादाखल देतो. विशीही न गाठलेला एक किन्नर परातीत कणीक मळत होता. हात भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर ठेवलेला. पाणी जास्त झाले, आता काय करू, असे तो आईला विचारत होता. आईने थोडे पीठ घालायला सांगितले आणि मग विचारले, “स्वयंपाक कोण करतंय रे?”

“मीच.”