मधले पाणी

कोकणच्या आगबोटी चालू होत्या त्या काळात भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, देवगड, मालवण अशा बंदरांबाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, आणि किनाऱ्यालगत तिला पुरेल एवढे पाणी नसल्यामुळे उतारूंना आपल्या ट्रंका-वळकट्यांनिशी, कडेवरच्या मुलांनिशी, बोटीच्या कुशीला झुलणाऱ्या पडावात उतरावे लागे. त्या प्रवासाच्या आठवणी सांगणारे वृद्ध अजून भेटतात. रात्रभराच्या समुद्राविषयी ते फारसे बोलत नाहीत, बोलतात ते त्या एका पावलाविषयी. लाट पडावाला वर उचलते नेमक्या त्या क्षणी पाय टाकायचा, खलाशाच्या हाती मूल सोपवायचे, आणि मग पाण्यालगतच्या त्या फळीवर बसून किनारा जवळ येण्याची वाट पाहायची. मोठे गलबत आणि भूमी यांच्या मधल्या शे-दोनशे वावांच्या या पाण्यात खरी जोखीम असते, हे दर्यावर्दी माणसाला सांगावे लागत नाही. तरीही इतिहासात नाव राहते ते मोठ्या नौकेचे. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात घडलेली 'म्हादेई' आणि तिच्यावरून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे कमांडर दिलीप दोंदे यांचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. परंतु नांगरलेल्या नौकेवरून माणसाला काठावर आणणाऱ्या लहानग्या होडीची दखल कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

या विषयाकडे मी वळलो तो धाकट्या भावाच्या पत्रामुळे. ऑकलंडला स्थायिक झालेल्या या भावाने तीस फुटांची एक जुनी शिडाची नौका घेतली. तिकडच्या आखातात बेटे पुष्कळ, शनिवार-रविवारी बायकामुलांसह एखाद्या खाडीत नांगर टाकून राहण्याचा रिवाज सार्वत्रिक. 'दादा, तुझा जन्म रबरात गेला, तेव्हा हवेची डिंगी कोणती घेऊ ते तूच सांग,' असे त्याने लिहिले. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझे आयुष्य रबरी सामानाच्या एका कारखान्यात गेले हे खरे. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर. तरी पदार्थाचा स्वभाव सर्वत्र सारखाच असतो, या विश्वासावर मी त्याच्या प्रश्नाचा विचार करू लागलो.

हवा भरलेल्या होडीकडे पुष्कळांना खेळणे म्हणून पाहण्याची सवय असते. ती सवय सोडावी. आलँ बोंबार या फ्रेंच वैद्याने १९५२ साली सुमारे पंधरा फुटांच्या अशाच एका झोडियाक होडीतून कॅनरी बेटांपासून बार्बाडोसपर्यंतचा अटलांटिक पासष्ट दिवसांत एकट्याने पार केला. त्या साहसाचे अनुकरण कोणी करू नये. पण योग्य रीतीने बांधलेली हवेची पोकळी किती भार आणि किती मार सोसते, याची खातरजमा तेव्हाच झालेली आहे. कुटुंबाच्या दृष्टीने तिचा मोठा गुण असा की कडेच्या जाड नळ्यांमुळे ती सहसा कलंडत नाही; एखाद्याने काठावरच बसकण मारली तरी ती त्याला सांभाळून घेते, आणि मोठ्या नौकेच्या अंगावर आपटली तरी तिला ओरखडा काढीत नाही. लाकडी होडी वल्ह्यांना अधिक चांगला प्रतिसाद देते, वाऱ्याविरुद्ध आपली वाट सोडीत नाही. हवेच्या होडीला वारा सुकलेल्या पानासारखा ढकलीत नेतो. म्हणून इंजिन घेतले तरी वल्ही उत्तम आणि लांब असावीत, हे मी भावाला सर्वांत आधी लिहिले, कारण इंजिन बंद पडायचे ते नेमके वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतानाच.

कापडाच्या निवडीत मात्र मी पुष्कळ दिवस घालवले. बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत: एक पीव्हीसीचा लेप दिलेले, दुसरे हायपालॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम रबराचे. ड्यू पाँ कंपनीने आपले मूळ हायपालॉन २०१० च्या सुमारास बंद केले, तरी त्याच जातीचे रबर अन्यत्र तयार होते आणि व्यापारात नाव तेच चालते. पीव्हीसीचे सांधे उष्णतेने एकजीव करता येतात, म्हणून ते स्वस्त. पण त्याला मऊपणा देणारे द्रव्य उन्हात हळूहळू निघून जाते आणि कापड आधी चिकट, मग ताठर होते. वैशाखात पत्र्यावर विसरलेली प्लास्टिकची नळी ज्याने चिकलठाण्यात पाहिली आहे, त्याला याचा पुरावा नको. न्यूझीलंडचे ऊन अंगाला थंड भासले तरी त्यातील अतिनील किरण आपल्याइतकेच निष्ठुर असतात. हायपालॉन हे ऊन कितीतरी अधिक वर्षे सोसते; मात्र त्याचे सांधे हाताने चिकटवावे लागतात, आणि होडीची सारी इभ्रत त्या सांध्यात असते. कारखान्यात परत आलेला सांधा उकलून पाहण्याचे काम माझ्याकडे पुष्कळदा येई. एक बाजू खरखरीत घासलेली, तिच्यावर गोंदाचा थर सारखा धरलेला, आणि दुसरी बाजू आरशासारखी गुळगुळीत दिसली की समजावे, दुसरी बाजू घासलीच नव्हती, किंवा दमट हवेत घाईने लेप दिला होता. म्हणून भावाला लिहिले की दुकानात होडी पाहताना रंग पाहू नकोस. नळीच्या आतल्या अंगाने बोट फिरव, पट्टीची कड कोठे उचलली गेली आहे का ते पाहा, आणि पाठीमागची इंजिनाची फळी जेथे नळ्यांना जोडली आहे तो सांधा सर्वांत शेवटी व सर्वांत सावकाश पाहा.

हवेच्या दाबाची गोष्टही त्याला तपशीलवार कळवणे अगत्याचे वाटले. नळ्यांमध्ये दाब असतो सुमारे पाव बार, म्हणजे मोटारीच्या चाकाच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढा. सकाळी पंधरा अंशांच्या गारव्यात तो बरोबर भरला आणि होडी वाळूवर उन्हात ठेवून मंडळी जेवायला गेली, नळी पंचेचाळीस अंशांपर्यंत तापली, तर आतला दाब जवळजवळ दीडपट होतो आणि सांध्यांवर अकारण ताण पडतो. उलट दुपारी टम्म भरलेली होडी सायंकाळच्या थंड पाण्यात मरगळते, आणि मुलांना भोक पडल्याचा भास होतो. तळ पट्ट्यांचा घेतल्यास होडी हलकी, पण पाय ठरत नाही. ॲल्युमिनियमचा घन तळ चालीला उत्तम, पण तीस फुटी नौकेवर तो ठेवायचा कोठे हा प्रश्न. अधिक दाबाने फुगवण्याचा हवेचा तळ मला मध्यममार्ग वाटला. तिथल्या खडकांवर आपल्या कोकणासारखीच कालवे असतात आणि त्यांची कड सुरीसारखी चालते, म्हणून बुडाखाली जादा पट्टी हवीच. हवेचे कप्पे किमान तीन असावेत. आमची आई पुढल्या वर्षी त्याच्याकडे जाणार आहे. तिच्या गुडघ्यांना ज्या होडीतून नौकेची शिडी गाठता येईल तीच होडी घ्यावी, मग ती गुंडाळल्यावर चार बोटे मोठी झाली तरी चालेल.

हे सर्व लिहीत असताना मन वारंवार जायकवाडीच्या नाथसागर जलाशयाकडे जात होते, आणि ते जाणे मी टाळले नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेल्या आणि १९७६ साली पूर्ण होऊन राष्ट्राला अर्पण झालेल्या जायकवाडी धरणाने मराठवाड्याला पाणी दिले, चिकलठाण्याच्या कारखान्यांना दिले, माझ्या घरच्या नळालाही दिले. त्याच पाण्याने फुगवट्यालगतच्या गावांच्या वाटा बुडवल्या. पूर्वी दख्खनच्या नद्या लोक वाळलेल्या भोपळ्यांच्या सांगडीवर पार करीत. भोपळ्याची पोकळी आणि रबरी नळीची पोकळी यांचा धर्म एकच. आता आमच्या जलाशयांत कोळी बांधव थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी टाकतात. गंगापूर तालुक्यातील भिवधानोऱ्याची लहान मुले अशाच थर्माकोलवर बसून, हाताने पाणी मागे सारीत शाळेला जातात, ही बातमी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची आपण होऊन दखल घेतली. थर्माकोल तरंगते, यात संशय नाही. पण त्याला कड नाही, धरायला दोरी नाही, आणि मोडले की ते कोठूनही मोडते. त्याच्या आधी, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या महापुरातून माणसे बाहेर काढणारी नाव क्षमतेबाहेर भरली जाऊन उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. कोणत्या होडीत किती जणांनी बसावे हा आकडा तिच्या अंगावर ठळक लिहिलेला असणे आणि तो पाळायला लावण्याचा अधिकार वल्हे धरणाऱ्याच्या हाती असणे, ही किती मोठी गोष्ट आहे!

ऑकलंडच्या भावासाठी मी जी यादी केली ती अशी होती: तीन स्वतंत्र कप्पे, भोवती धरायची दोरी, आकड्याची पाटी, प्रत्येकाच्या मापाचे तरंगजाकीट, लांब वल्ही, आणि चालवणारा पाण्यात पडताच इंजिन बंद करणारी त्याच्या मनगटाची दोरी. यांपैकी इंजिनाची दोरी वगळली तर एकही जिन्नस असा नाही जो भिवधानोऱ्यासारख्या गावाला लागत नाही, किंवा तालुक्याच्या कचेरीला परवडत नाही. पूल होईल तेव्हा होवो, तो झालाच पाहिजे. तोपर्यंत शाळेच्या वेळेला एक धड होडी, ती हाकणारा पगारी नावाडी आणि मुलांच्या मापाची जाकिटे यांची तजवीज करण्यास शासनाला कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. भावाने सुमारे नऊ फुटांची करड्या रंगाची हायपालॉनची होडी घेतली आहे. त्याला पाठवलेल्या यादीची दुसरी प्रत मी मराठीत स्वच्छ अक्षरात उतरवून काढली, वर 'मा. जिल्हाधिकारी' असा मायना घातला, आणि खाली माझा पत्ता लिहून ती टपालात टाकली.