निर्मात्याचा रकाना

गोदावरीला पूर आला की सायखेड्यात आणि पुलापलीकडच्या चांदोरीत दोन मापं एकदमच चालतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे सरकारी माप. नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं हे लोकांचं. मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं म्हटलं की काठावरच्या दुकानांतला माल माळ्यावर चढायला लागतो. आकड्याची वाट कोण बघतो? पण २०१६ आणि २०१९ च्या पुरांची तुलना करायची तर मारुती कामाचा नाही, तिथे क्युसेकच हवेत. दोन प्रश्न वेगळे, म्हणून मापंही वेगळी. चित्रपटांच्या ऑनलाइन सूचींनी घोळ घातलाय तो नेमका इथे. ‘हा चित्रपट झाला का?’ आणि ‘हा चित्रपट दखल घेण्याजोगा आहे का?’ हे दोन प्रश्न त्या एकाच मापाने मोजतात, आणि लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या प्रायोगिक चित्रपटाची त्यात पुरती गोची होते. त्याला वितरक नसतो, जाहिरातीला पैसा नसतो, म्हणून वर्तमानपत्रात परीक्षण येत नाही. परीक्षण नाही म्हणून नोंद नाही. आणि नोंद नाही म्हणून पुढचा महोत्सव विचारतो, हा चित्रपट आहे तरी कुठे?

गंमत अशी की या सूची स्वतःच लोकवर्गणीच्या आहेत, पैशांच्या नाही, पण श्रमांच्या. आयएमडीबी १९९० मध्ये सुरू झाली ती सिनेमावेड्या हौशी मंडळींनी जमवलेल्या याद्यांतून. ॲमेझॉनने ती विकत घेतली १९९८ मध्ये. विकिपीडिया तर आजही स्वयंसेवकच लिहितात, आणि तिथे लेख टिकवायचा तर विषयाची ‘उल्लेखनीयता’ त्रयस्थ स्रोतांतून दाखवावी लागते. अट रास्त आहे. मात्र वर्गणीच्या चित्रपटात त्रयस्थ शोधायचा कुठे? ज्यांनी पाचशे-हजार रुपये दिले, ज्यांनी घरची गाडी शूटिंगला दिली, तेच पहिले प्रेक्षक आणि तेच पहिले लिहिणारे. सगळे घरचेच.

या कसोटीवर आपला सगळ्यात जुना प्रयोग लावून बघावा. सायखेड्याच्या पुलाखालून जाणारं पाणी ज्या त्र्यंबकेश्वराहून येतं, तिथेच १८७० मध्ये धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी पौराणिक पट केला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि रोज थोडी थोडी फिल्म उघडत गेले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली: माती फुटते, कोंब मान वर काढतो, वेल चढतो. हा पट भांडवल देऊ शकणाऱ्या मोजक्या लोकांना दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्ज उभं केलं. म्हणजे प्रायोगिक लघुपट, खासगी खेळ आणि त्यावर पैशांची जुळवाजुळव. ती चित्रफीत आज नाही. आणि त्या साऱ्या खटपटीची बरीचशी हकिकत आपल्याला कळते ती खुद्द फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या लेखांमधून. त्रयस्थ स्रोताचा नियम काटेकोर लावला, तर वाटाण्याचा तो वेल पहिल्याच छाननीत उपटला गेला असता.

यावर आक्षेप ठरलेला आहे: दार सताड उघडलं तर न बनलेले चित्रपट, नुसती पोस्टरं आणि विकत घेतलेली बक्षिसं आत शिरतील. शिरतील नव्हे, शिरलेलीच आहेत! तेव्हा पुरावा मागावाच, आणि कडक मागावा. पण तो घडल्याचा मागावा, गाजल्याचा नको. कुठे दाखवला, कोणत्या तारखेला, प्रत कोणाकडे आहे, सेन्सॉरचं प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक काय. वर्गणीदार समीक्षक म्हणून बाद ठरवा, हरकत नाही. साक्षीदार म्हणून ते बाद कसे? लग्नाला आलेले पाहुणे घरचेच असतात, म्हणून लग्न झालंच नाही असं कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जे कोणी पाहिलंच नाही, त्याची नोंद करून फायदा कोणाचा? याचं उत्तर मूकपटांच्या यादीत आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले. त्यांपैकी पूर्ण वा तुकड्यांत उरले ते जेमतेम काही डझन. बाकीचे आज फक्त एकेका ओळीत जिवंत आहेत: नाव, साल, कंपनी. त्या ओळी लिहिणाऱ्यांनी आधी दर्जा तपासला असता तर पी. के. नायरांसारख्या संग्राहकाला काय शोधायचं हेच कळलं नसतं. पुढचं उदाहरण मराठीच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून १९७६ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ केला. दिग्दर्शक एक नव्हे, चार: के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप. थिएटरांतून तो धड लागला नाही. त्याची प्रत टिकली बर्लिनच्या एका संग्रहात, आणि २०१४ मध्ये तिचं नूतनीकरण होऊन तो पुन्हा पडद्यावर आला. यादीत ओळ नसती तर त्या डब्यावरचं नाव कोणाला ओळखू आलं असतं?

राहतो तो अर्जातल्या रकान्याचा प्रश्न, आणि तो मला वरवर दिसतो त्याहून महत्त्वाचा वाटतो. सूचीच्या अर्जाची सगळी घडण एक निर्माता, एक दिग्दर्शक, एक प्रदर्शनाची तारीख अशा हिशेबाने झालेली आहे. सामूहिक काम त्यात मावतच नाही, मग ते काटून-छाटून बसवावं लागतं. घाशीरामच्या वर्षीच आलेला श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ घ्या. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि प्रदर्शनानंतर हेच निर्माते ट्रक भरभरून आपला चित्रपट बघायला आले. पडद्यावर सुरुवातीलाच त्या पाच लाखांचं नाव निर्माता म्हणून येतं. सूचीतल्या निर्मात्याच्या रकान्यात मात्र त्यांच्या दूध महासंघाचं एकट्याचं नाव असतं.