पाडून मागताना

धारवाडच्या बाजारात 'चौकाशी' हा कानडी शब्द सारखा कानावर पडतो. अर्थ घासाघीस. ऐकायला मात्र थेट आपली 'चौकशी'. बेलूरला घर घेतल्यापासून मंडळातल्या तीन-चार नव्या जोडप्यांनी मला एकच प्रश्न विचारलाय, "ताई, सांगितलेल्या किमतीपेक्षा किती पाडून मागायचं? दहा टक्के की वीस?" टक्के विसरा, असं माझं म्हणणं. आधी आपली चौकशी करा, मग त्यांची चौकाशी.

बेलूर म्हणजे हळेबीडजवळचं देवळांचं बेलूर नव्हे. धारवाडहून बेळगावच्या वाटेला लागलं, हायकोर्टाची इमारत गेली, की औद्योगिक वसाहत लागते, ते बेलूर. टाटांच्या बस इकडेच बनतात. माझे यजमान वसाहतीतल्याच एका कारखान्यात आहेत. रोजची ये-जा वाचावी म्हणून आम्ही त्या बाजूला घर शोधत होतो.

एक घर आवडलं. तीस बाय चाळीसचा प्लॉट, चौदा वर्षांचं बैठं बांधकाम, दारात बोअर. मालक निवृत्त, मुलगा बेंगळुरूला, म्हणून दोघंही तिकडे निघालेले. किंमत सांगितली ५८ लाख. एजंट म्हणाला, "आयआयटीजवळ आहे मॅडम, भाडेकरू रांग लावतील."

पहिली चौकशी इथंच सुरू झाली. आयआयटी धारवाड २०१६ मध्ये सुरू झाली ती इथल्या वाल्मी संस्थेच्या आवारात. तेव्हा आसपासची भाडी वाढली हे खरं. पण संस्थेचा कायमचा परिसर चिक्कमलिगवाडला झाला आणि मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटनही होऊन गेलं. म्हणजे ५८ मध्ये काही लाख निघून गेलेल्या शेजाऱ्याचे होते.

सांगितलेला आकडा मोठा लबाड असतो. १९८७ मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या टुसान शहरात काही इस्टेट एजंटांना एकच घर दाखवलं, पण घराची सांगितलेली किंमत वेगवेगळी दिली. ज्यांना जास्त किंमत कळली, त्यांनी घराचं मोलही जास्त केलं. आणि बहुतेक जण म्हणाले, आम्ही त्या आकड्याकडे पाहिलंच नाही! धंद्यातल्या माणसांची ही गत, तर आपलं काय? म्हणून ५८ मधून टक्के वजा करत बसायचं नाही. कोऱ्या कागदावर खालून सुरुवात करायची.

आम्ही तसंच केलं. बाराशे चौरस फूट जागा, तिथल्या चालू दराने ३० लाख. बांधकाम अकराशे फूट, आज बांधायचं तर २२ लाख, पण चौदा वर्षांची झीज धरून साडेसोळा. झाले साडेशेहेचाळीस. गच्चीची गळती आणि जुनं वायरिंग यांचे दीड लाख वजा. उरले ४५. आमचं पहिलं मागणं हेच. ऐकणाऱ्याला ते तेरा लाखांनी पाडून मागितल्यासारखं वाटणार होतं, पण आमच्याकडे प्रत्येक लाखाचा हिशेब होता.

खाली किती जायचं याला कायद्याचीही एक पायरी आहे, ती बऱ्याच तरुण मंडळींना ठाऊक नसते. महाराष्ट्रात रेडी रेकनर, तसं कर्नाटकात सरकारचं मार्गदर्शी मूल्य असतं. त्याच्या खाली सौदा झाला तरी स्टॅम्प ड्यूटी त्या मूल्यावरच भरायची. आणि फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. स्वस्तात मिळालं म्हणून पेढे वाटावेत आणि मागून नोटीस यावी! या घराचं मूल्य ३६ लाखांच्या आसपास होतं, म्हणजे आमचं ४५ त्या पायरीच्या पुष्कळ वर होतं.

वरची पायरी आपल्या खिशाची. कर्ज तीस ते पंचाहत्तर लाखांचं असेल तर बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि स्टॅम्प-नोंदणीचा खर्च त्यात धरत नाही. कर्नाटकात ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ वरून २ टक्के झालं. स्टॅम्प, उपकर, नोंदणी मिळून साडेसात टक्क्यांच्या वर जातं. आमच्याकडे रोकड चौदा लाख. हिशेब केला तर पन्नासच्या पुढे आम्ही जाऊच शकत नव्हतो.

आता आकडा सांगायचा कसा? इथे आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, पुढे झाले. त्यांच्या वडिलांचं आयुष्य बैलबाजारात गेलं. तिथे रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरायचा. आपल्याला वाटतं ती लपवाछपवी. असेलही. पण अप्पांचं म्हणणं असं, की कमी भावाचं मागणं चारचौघांत ऐकावं लागत नसे, म्हणून विकणाऱ्याची मान खाली जात नसे. त्यांनी एजंटाला सांगितलं, "आज तू येऊ नकोस." आणि मला बजावलं, "हिशेब सांग, घराला नावं ठेवू नकोस. त्या माउलीनं चौदा वर्षं ते अंगण सारवलंय."

काकांनी चहा झाल्यावर विचारलं, "एष्ट कोडतीरी?" किती देणार? यजमानांनी कागद पुढे केला. काकांनी तो दोनदा वाचला. काकू कप उचलून आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. "विचार करतो," एवढंच बोलून काका गेटपर्यंत सोडायला आले.

दहा दिवस फोन नाही. एजंट मात्र रोज. "त्यांना फेब्रुवारीअखेर मुलाच्या फ्लॅटचे पैसे भरायचेत. घाईत आहेत. ४५ वरच अडून बसा, पायाशी येतील." माझं मन क्षणभर तिकडे झुकलंच होतं, नाही म्हणत नाही. पण अप्पांनी ऐकलं आणि विषयच संपवला. "अडचण कळली तर ती सोडवायला वापरायची. भाव पाडायला नाही." मग आम्ही बँकेकडे धावपळ करून कर्जाची मंजुरी हातात घेतली. कमी पैसे देणार असू, तर निदान वेळेवर आणि खात्रीचे द्यावेत.

अकराव्या दिवशी काकांनी बोलावलं. त्यांच्याकडे दुसरं एक मागणं आलं होतं, ५२ लाखांचं. त्यातले ३७ कागदावर आणि १५ रोख. मुलगा तिकडून म्हणाला, ही रोकड घेऊन मी बिल्डरकडे कसा जाऊ? काकांनी आमचाच कागद बाहेर काढला. त्यावर त्यांच्या अक्षरात तीन ओळी वाढल्या होत्या : बोअर, जमिनीतली पाण्याची टाकी, सागवानी दारं. "हे तुम्ही धरलंच नाही," म्हणाले. खरंच होतं, तो हिशेब मान्य करावाच लागला. अर्धा तास बोलणं झालं आणि साडेएकोणपन्नासवर थांबलं, सगळे बँकेतून. एक अट काकूंची. पैसे फेब्रुवारीत हवेत, पण फ्लॅटचा ताबा पाडव्याला, तोवर इथेच राहू देत. आम्ही भाडं न घेता हो म्हटलं. त्याच संध्याकाळी संचकारपत्र झालं. (पुण्याकडच्यांसाठी : संचकार म्हणजे तुमचा विसार.)

त्याआधी बोजा दाखवणारी ईसी तपासली होती, पंचायतीचे ई-स्वत्तूचे उतारेही वकिलाला दाखवले होते. तुम्हीही हे आधी करा. कागद नीट नसलेलं घर कितीही पाडून मिळालं तरी महागच पडतं.

एजंट अजून भेटला की म्हणतो, "मॅडम, दोन लाख सहज सुटले असते." असतील. बोअरचा पंप आतापर्यंत दोनदा बिघडलाय. दोन्ही वेळा मी बेंगळुरूला फोन लावला. पाइप किती फुटांवर जोडलाय, मोटर कुणी बसवली, कुठला मिस्त्री रविवारीही येतो, हे काकांनी फोनवरून सांगितलं. फोन ठेवण्याआधी काकूंनी विचारलं, परसातल्या लिंबाला यंदा फळं धरली का?